होम सर्व्हरला सहा पार्टिशन कशाला?

ठाणे, ऐरोली, घणसोलीकडच्या टेक ग्रुपांवर, आणि आता सोसायट्यांच्या ग्रुपांवरही, एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: 'लिनक्सचा होम सर्व्हर टाकताना ऑटोमॅटिक पार्टिशन कधीच निवडू नका, अर्धी डिस्क वाया जाते. हाताने सहा पार्टिशन करा: बूट, रूट, होम, व्हार, टेम्प आणि रॅमच्या दुप्पट स्वॅप. स्पीड वाढतो, डेटा सुरक्षित राहतो.' खाली जोडलेले हात आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. (पार्टिशन म्हणजे डिस्कचे पाडलेले तुकडे. बूटमध्ये सर्व्हर सुरू करायच्या फाइली, रूटमध्ये मूळ सिस्टिम, होममध्ये वापरणाऱ्याच्या फाइली, व्हारमध्ये लॉग आणि प्रोग्रामांचा बदलता डेटा, टेम्पमध्ये तात्पुरत्या फाइली. स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा.) मग लोक ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी समोर ठेवून कुणाला किती जीबी, याची वाटणी करत बसतात.

अर्धी डिस्क वाया जाते, हे म्हणणाऱ्याने निदान काहीतरी पाहिलेलं आहे. उबुंटू सर्व्हर या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये 'यूज अ‍ॅन एन्टायर डिस्क'च्या खाली एलव्हीएमच्या, म्हणजे डिस्कची जागा नंतरही वाटून देता येणाऱ्या पद्धतीच्या, पर्यायावर आधीच खूण असते. ५१२ जीबीच्या एसएसडीवर ती तशीच ठेवली, तर रूटला मिळतात फक्त १०० जीबी. डिस्क २०० जीबीहून मोठी असली की इन्स्टॉलर रूटला १०० जीबीवरच थांबवतो. पुढे फोटो भरत गेले की एक दिवस 'डिस्क फुल' येतं आणि माणूस म्हणतो, बघा, खाल्ली जागा! खाल्लेली नसते. ती त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएमच्या सामायिक साठ्यात, मोकळी पडून असते, स्नॅपशॉटला (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीला) किंवा पुढे जिथे कमी पडेल तिथे द्यायला. 'एलव्हीएक्स्टेंड' या कमांडला 'आर'चा पर्याय लावला की चालू सर्व्हरवर, रीस्टार्टसुद्धा न करता, रूट वाढतो. नाहीतर इन्स्टॉल करतानाच, स्टोरेजच्या सारांशाच्या पानावर, 'उबुंटू-एलव्ही'वर (हाच तो रूट) जाऊन एडिट करायचं आणि आकडा वाढवायचा. एलव्हीएमशिवाय हाताने पाडलेल्या सहा तुकड्यांत ही सोय नाही. तिथे एकाला वाढवायचं तर शेजारच्याला आधी लहान करावं लागतं, आणि ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम चालू असताना लहान होत नाही.

आता व्हार. वेगळा ठेवला की लॉग (सिस्टिमच्या नोंदी) फुगून सर्व्हर बसणार नाही, हा युक्तिवाद ज्या काळातला आहे त्या काळात बरोबर होता. आज घरच्या सर्व्हरवर बहुतेक गोष्टी डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कंटेनरात (बंद डब्यात) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालतात, आणि डॉकरच्या इमेजेस, व्हॉल्यूम्स सगळं व्हारच्या पोटात जातं. अशा वाटणीत व्हारला २० जीबी दिले, तर जेलीफिन (सिनेमांसाठी), इमिच (फोटोंसाठी) आणि एखादा डेटाबेस टाकेपर्यंत तो काठोकाठ. शेजारी होमचे २०० जीबी रिकामे, कारण सर्व्हरवर होममध्ये ठेवतंय कोण? आणि व्हार भरला की सॉफ्टवेअर बसवणारं एपीटीही अडतं, कारण पॅकेजांचा कॅश आणि नोंदी तिथेच असतात. लॉगचीच भीती असेल तर उपाय दुसरा आहे. सिस्टिमचे लॉग ठेवणारं सिस्टमडीचं जर्नल मुळातच फाइल सिस्टिमच्या १० टक्क्यांवर, फार तर ४ जीबीवर, थांबतं. बेलगाम असतात ते डॉकरच्या कंटेनरांचे लॉग. त्यांना नेहमीच्या सेटिंगमध्ये मर्यादाच नसते. डॉकरच्या कॉन्फिगमध्ये 'मॅक्स-साइज' १० एमबी लिहा, नव्या कंटेनरांपुरतं काम झालं.

रॅमच्या दुप्पट स्वॅप हा नियम रॅम एमबीत मोजायचे तेव्हाचा. १६ जीबी रॅमला ३२ जीबी स्वॅप देऊन एसएसडीचा कोपरा अडवण्यात काही अर्थ नाही. सर्व्हर हायबरनेट करत नाही, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून झोपत नाही. दोन-चार जीबीची स्वॅप फाइल पुरते, आणि ती हवी तेव्हा मोठी करता येते.

स्पीडबद्दल फार बोलायला नको. एसएसडीचा कंट्रोलर डेटा कुठे लिहायचा ते स्वतः ठरवतो, तुमच्या रेघा त्याच्या खिजगणतीत नसतात. फिरत्या हार्ड डिस्कवर दोन पार्टिशन एकाच वेळी वापरात असली तर हेडची उलट धावपळच वाढते.

खरा घोळ 'डेटा सुरक्षित' या दोन शब्दांत आहे. वन-बीएचकेत पडदे लावून चार खोल्या केल्या तरी स्लॅब गळला की सगळ्याच भिजतात. डिस्क गेली की सहाच्या सहा पार्टिशन गेली. डेटा वाचायचा असेल तर तो वेगळ्या डिस्कवर हवा आणि त्याची एक प्रत वेगळ्या घरात. ठाण्यात सर्व्हर असेल तर बेलापूरला बहिणीकडे एक यूएसबी डिस्क ठेवा, झालं.

मग पार्टिशनपेक्षा महत्त्वाचं काय, तर इन्स्टॉलर कुठल्या डिस्कवर चालतोय ते. ऑटोमॅटिकचा धोका असेल तर एवढाच. दोन डिस्क लावलेल्या असताना चुकीची निवडली की फोटो गेले. शेवटी 'कन्फर्म डिस्ट्रक्टिव्ह अ‍ॅक्शन' विचारतात, पण तोवर एंटर मारायची सवय झालेली असते. इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्कची केबल सरळ काढून ठेवा. नंतर जोडा आणि एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे लावायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकाने, लिहा, एसडीबी-एसडीसी या नावांनी नको. ती पुढच्या बूटला बदलू शकतात.

त्या ओळीत 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा, हवंच. पावसाळ्यात वीज जाते-येते, सर्व्हर आपोआप चालू होतो, यूएसबी डिस्क मात्र उठत नाही. नोफेल नसेल तर तो दीड मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो, आणि कपाटावरच्या त्या डब्याला ना मॉनिटर ना कीबोर्ड. नोफेलचीही एक खोड आहे. डिस्क न लागताच बूट झालं, तर ती ज्या फोल्डरवर लागायची त्याच रिकाम्या फोल्डरात, म्हणजे रूटवर, डॉकर लिहीत सुटतो. म्हणून डिस्क लावण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर प्लस आय' ही कमांड लावून कुलूप घाला.

हाताने पार्टिशन करायची वेळ येतच नाही असं नाही. विंडोज शेजारी ठेवायचं असेल किंवा दोन डिस्कांचं मिरर (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर) करायचं असेल, तर करावंच लागतं. आणि ४ टीबीच्या डेटा डिस्कवर ईएक्सटी४ चढवत असाल, तर ५ टक्के, म्हणजे २०० जीबी, रूट यूजरसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवले जातात. 'ट्यून-टू-एफएस' या कमांडने ते १ टक्क्यावर आणता येतात. वाया जाणारी जागाच शोधायची असेल तर ती इथे आहे.