चूक झाली तर तोंडावर सांगायला या मेल सर्व्हरचं काय जातं?

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लिनक्सवर वेब सर्व्हर लावा, डेटाबेस लावा. कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग लिहायच्या फाइलमध्ये, घोळ असला तर ते सुरूच होत नाहीत, कितव्या ओळीत घाण आहे तेही बऱ्याचदा सांगतात. मेलचं तसं नाही. पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्राम. त्याच्या मेन डॉट सीएफ या कॉन्फिग फाइलमध्ये वाट्टेल ते लिहा, ते मुकाट्याने गिळतं, रीलोड होतं, स्टेटस विचारलं की 'ॲक्टिव्ह' म्हणतं. मग दोन दिवसांनी परचेसच्या मॅडमचा फोन येतो, "दादा, व्हेंडर म्हणतोय पीओ आलाच नाही."

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा सर्व्हर माझ्याकडे आहे. परचेस ऑर्डर (पीओ), डिस्पॅचचं चलन, इनव्हॉइस, सगळं ईआरपीतून, म्हणजे कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, मेलने जातं. तिथल्या कनेक्शनवर बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, बंद आहे, हल्ली बऱ्याच ठिकाणी असतं, त्यामुळे मेल एका रिले सेवेमार्फत, म्हणजे आपला मेल पुढे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, ५८७ या दुसऱ्या पोर्टवरून पाठवायचा. त्यासाठी रिलेहोस्ट नावाची एक ओळ लागते. ती ओळ फाइलमध्ये होती. पत्ता बरोबर, चौकोनी कंस बरोबर, पोर्ट बरोबर. तरी लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, प्रत्येक मेलपुढे 'डिफर्ड, कनेक्शन टाइम्ड आउट' (समोरून उत्तर नाही, मेल लांबणीवर), आणि तेही पोर्ट २५ वर! ५८७ चा कुठे मागमूस नाही. फायरवॉल पाहिला, पासवर्ड पाहिला, रिलेवाल्यांच्या सपोर्टशी भांडलो. शेवटी पोस्टकॉन्फ डॅश एन ही कमांड चालवून सर्व्हरला नेमकं काय कळलंय ते बघितलं, तेव्हा उजेड पडला. आधीच्या माणसाने ती ओळ पेस्ट केली तेव्हा तिच्या पुढे एक स्पेस राहिली होती. या फाइलचा नियम असा, की स्पेसने सुरू होणारी ओळ म्हणजे वरच्याच ओळीचा पुढचा भाग. वर होती मायडेस्टिनेशनची ओळ, म्हणजे आपल्याकडेच उतरवायच्या डोमेनांची यादी. त्या यादीत 'रिलेहोस्ट' हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि रिलेचा पत्ता, तिन्ही जाऊन बसले. रिलेहोस्ट राहिला कोरा. अरे, बरोबरचं चिन्ह हे डोमेनचं नाव असतं का कुठे? एक इशारा द्यायला काय हरकत होती? एका न दिसणाऱ्या स्पेसपायी कारखान्याच्या ऑर्डरी क्यूमध्ये, म्हणजे जायच्या रांगेत, सडत पडल्या.

हॅशचंही तेच. ओळीच्या सुरुवातीला हॅश असेल तरच ती टिप्पणी. व्हॅल्यू लिहून पुढे हॅश टाकून 'नवीन पत्ता' असं लिहिलं, की ते सगळं व्हॅल्यूमध्येच धरलं जातं. रिलेहोस्टमध्ये कंस आणि पोर्ट लिहिलं असेल तर पासवर्डच्या फाइलमध्येही तो पत्ता हुबेहूब तसाच हवा. नाही जुळला, तर सर्व्हर लॉगिन करायचा प्रयत्नसुद्धा करत नाही आणि समोरचा '५३०, ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड' म्हणून हाकलून देतो.

त्याच कारखान्याच्या मेलपेट्या बाहेर क्लाउडवर आहेत. पण डेबियन या लिनक्सवर पोस्टफिक्स टाकताना 'सिस्टम मेल नेम' विचारतात. तिथे कोणीही आपलं डोमेन टाकणार, आणि ते परस्पर मायडेस्टिनेशनमध्ये जातं. झालं! बाहेरच्या सगळ्यांना मेल जातात, फक्त आपल्याच साहेबांना जात नाहीत, कारण सर्व्हर त्यांना स्वतःच्या घरात शोधत बसतो. 'यूजर अननोन' म्हणून मेल परत आला तर निदान कळतं तरी. इथे मशीनवर 'अकाउंट्स' नावाचा लिनक्स यूजर होता. अकाउंट्सचे मेल त्याच्या नावे व्हार मेलमधल्या फाइलमध्ये साठत राहिले, लॉगमध्ये प्रत्येकापुढे ठणठणीत 'सेंट'. महिनाअखेरीची बिलं त्या फाइलमध्ये सापडली मला. अकाउंट्सच्या काकांना हे समजावून सांगायचं कसं? "काका, मेल पोचला, पण तुम्हाला नाही"?

याचं मूळ जुनं आहे, ते मान्य. एसएमटीपी, म्हणजे सर्व्हर ज्या भाषेत मेल देतात-घेतात ते प्रोटोकॉल, १९८२ सालचं, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या आरएफसी ८२१ या मानकातलं. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था, कोण कोणाला फसवणार? पाठवणाऱ्याने सांगितलेलं नाव खरं धरायचं, एवढ्यावर सगळं उभं राहिलं. एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या जुन्या मेल प्रोग्राममध्ये नियमाची डावी आणि उजवी बाजू टॅबने वेगळी करायची, टॅबऐवजी स्पेस पडली की नियम मोडला. विट्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं पोस्टफिक्स १९९८ साली आलं आणि त्याने खूप सुधारणा केली. छोटे छोटे वेगळे प्रोग्राम, प्रत्येकाला लागेल तेवढेच अधिकार, सुरक्षेच्या बाबतीत मला आजही त्याचा आदर आहे. पण जो माणूस तासन् तास फाइल चाळत बसतो, त्याच्या वेळेची कदर या सगळ्या पिढ्यांत कोणी केली नाही, आणि राग त्याचाच आहे.

नाशकात तर त्यात रस्ते खोदलेले. सिंहस्थाची कामं चालू आहेत, जेसीबी लागला की फायबर तुटलीच. दिंडोरी रोडला एक द्राक्ष निर्यातदारांचं ऑफिस आहे. तिथे लीज लाइन, स्टॅटिक (न बदलणारा) आयपी पत्ता, सर्व्हर थेट मेल पाठवतो. ऐन सीझनमध्ये, कंटेनर न्हावा शेवाच्या वाटेवर असताना, फायबर तुटली. दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर गेलो. जुन्या कंपनीचा डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर, तिथून उत्तर देईना, म्हणून ईटीसीमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये नवा पत्ता टाकला. डिग ही नावं तपासायची कमांड मारली, नावं सापडतायत. पोस्टफिक्स मात्र 'होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन' म्हणून अडून बसलेलं. कारण तिथल्या डेबियनवर त्याचे बरेचसे भाग क्रूटमध्ये, म्हणजे एका बंदिस्त फोल्डरमध्ये, व्हार स्पूल पोस्टफिक्सच्या आत कोंडलेले असतात, आणि तिथे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची वेगळी प्रत असते. ती जुनीच राहिलेली. पोस्टफिक्स चेक चालवलं की मग सांगतं, दोन्ही फाइल वेगळ्या आहेत म्हणून. विचारल्यावर सांगतं! आपणहून नाही. रिस्टार्ट केल्यावर मेल सुटले.

सुटले आणि ५५० हा नकाराचा कोड खाऊन परत आले. नव्या लाइनचा आयपी एसपीएफमध्ये, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो त्या यादीत, नव्हता, तो डीएनएसमध्ये घालता येतो, घातला. पण पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारा रेकॉर्ड, तो आपल्या हातात नसतोच. ज्याचा आयपी, त्याच्याकडेच त्याची चावी. त्या कंपनीच्या कॉल सेंटरला फोन लावला, तर पोरगी विचारते, "सर, राउटर बंद करून चालू केला का?" तिचा दोष नाही, तिला पीटीआर हा शब्द कोणी शिकवलेला नाही. पण कंपनी त्या लाइनचे बिझनेस कनेक्शन म्हणून जास्त पैसे घेते, मग पीटीआर बदलून देणारा एक माणूस फोनवर असू नये? तिकडे हॉलंडचा आयातदार पॅकिंग लिस्टची वाट बघत बसलेला. शेवटी ती व्हॉट्सॲपवर पाठवली.

मोठ्या मेल कंपन्यांबद्दल तर बोलायलाच नको. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले, मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० किंवा जास्त) मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड) तिन्ही हवेत. स्पॅम इतका माजलाय की नियम हवेतच, माझं त्याला काही म्हणणं नाही. माझं भांडण '२५० ओके' या होकाराच्या कोडशी आहे. समोरचा सर्व्हर म्हणतो, मेल घेतला. माझ्या लॉगमध्ये 'सेंट'. आणि प्रत्यक्षात तो स्पॅमच्या फोल्डरमध्ये. का टाकला, हे पाठवणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. नाकारला असता तर निदान कारण तरी हातात आलं असतं. सगळे रेकॉर्ड बरोबर, डीकेआयएमची २०४८ बिटची लांबलचक की २५५ अक्षरांच्या तुकड्यांत तोडून नीट बसवलेली, तरी हे. दिवसाला शेदोनशे बिलं पाठवणाऱ्या कारखान्याने जायचं कुठे? स्वतःचा सर्व्हर चालवायचा हक्क आता फक्त मोठ्यांनाच उरणार का?

आणि शेवटी बोलणी खातो तो मधला माणूस. साहेबांना क्यू दिसत नाही, क्रूट दिसत नाही, पीटीआर दिसत नाही. त्यांना दिसतो मी. "तुम्ही काहीतरी केलंत का सर्व्हरवर?" हा पहिला प्रश्न. तेव्हा सगळ्यांना हात जोडून सांगतो, बाउन्स, म्हणजे मेल परत आल्याचा निरोप, आला तर तो पूर्ण मेल जसाच्या तसा मला फॉरवर्ड करा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा अर्धा फोटो नको, "मेल बंद आहे" एवढंच व्हॉट्सॲप नको. कोणाला पाठवला आणि किती वाजता, एवढं लिहा. बाकीचं लॉगमधून मी काढतो.