देवबागचं 'सुनामी आयलंड' सुनामीने नाही आणलेलं

"2004 च्या सुनामीत देवबागच्या संगमावर एका रात्रीत बेट वर आलं आणि तेव्हापासून ते तिथंच पक्कं आहे." मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या बेटाबद्दलचा हा मेसेज काल परत आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, म्हणून आता लिहितोच.

"एका रात्रीत" तर सरळच चूक. सुमात्राजवळचा भूकंप 26 डिसेंबरला आपल्याकडच्या सकाळी साडेसहाच्या सुमाराला झाला, तमिळनाडूवर लाटा आल्या त्या दिवसाढवळ्या. आपल्या बाजूला यायला त्यांना श्रीलंकेला वळसा पडला, तरी केरळात माणसं गेली, पण कोकणापर्यंत येईतो तो जोर राहिला नव्हता.

आणि समजा तेव्हा थोडी वाळू आली असेलही, तरी ती सुटी वाळू आहे हो, कातळ नाही, वीस पावसाळे कशी टिकेल? ती टिकत नाही, दरवर्षी नव्याने रचली जाते. पावसात कर्ली नदी सह्याद्रीवरून लाल पाणी घेऊन येते तेव्हा मुखातली वाळू बाहेर समुद्रात ढकलते, पाऊस सरला की नदी मंदावते आणि लाटा तीच वाळू हळूहळू परत किनाऱ्याकडे आणतात, मधे भरती-ओहोटीचं पाणी रोज दोनदा आत-बाहेर करतं, आणि जिथे या सगळ्यांचा जोर एकमेकांना मारतो तिथे वाळू बसते. बेट म्हणतात ते हेच.

"पक्कं" म्हणणाऱ्यांनी ओहोटीला तिथे अनवाणी उभं राहून बघा. पायाखाली वाळूच्या बारीक वळ्या लागतात, पाणी फिरलं की टाचेखालची वाळू सरकायला लागते, आणि थोड्या वेळात कोरडी जागा घोटाभर पाण्यात. होडीवाला "चला" म्हणाला की फोटो सोडून निघा, खरंच.

त्या मेसेजखाली कुणीतरी जोडलंय की वाळू उपसली तर मुख मोकळं राहील. अहो, उन्हाळ्यात नदीला पाणी कितीसं असतं? तेव्हा मुख उघडं राहतं ते खाडीत भरून परत ओसरणाऱ्या भरतीच्या पाण्यामुळे, आतली खाडी बुजवली तर ते पाणी कमी होईल आणि मुख खरंच आवळेल. बाहेरची वाळू म्हणजे लाटांचा जोर आधीच मोडणारा आडोसा. देवबाग म्हणजे एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, त्यावर माडांखाली लोकांची घरं आहेत. तो आडोसा काढला की लाट थेट त्यांच्या अंगणात.