नऊ बोल्ट, दहा फटी

सायकलीला मोटार बसवतोय म्हटलं की लोक आधी बॅटरीचं विचारतात. किती किलोमीटर जाते, चार्जिंगला किती वेळ लागतो, पावसात भिजली तर काय. मग मोटारीचं, मग पैशांचं. ही मोटार चाकाला धरणार कशी, हे मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. वास्तविक मोटार आणि बॅटरी पैसे टाकले की घरपोच येतात. खरं रामायण घडतं ते मागच्या चाकाच्या हबपाशी, म्हणजे मधल्या तुंब्यापाशी, तळहाताएवढ्या जागेत.

सायकल बाबांची. काळी, अठ्ठावीस इंची, रॉडच्या ब्रेकची, पूर्ण बंद चेनकव्हरवाली. त्यांचे गुडघे आणि बावधनचा चढ यांचं हल्ली जमत नाही, पण स्कूटरचं नाव काढलं की ते पेपर उघडतात. तेव्हा सायकल तीच ठेवून तिला मोटार, असं ठरलं. कायद्याचं सोपं होतं. मोटार २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर नोंदणी नाही, लायसन नाही. मोटारीवर २५० हाच आकडा छापलेला असला तर 'पेक्षा कमी' कसं धरायचं, यावर तळमजल्यावरच्या काकांशी एक वेगळा वाद झाला. तो इथे नको.

हे काका एका इंजिनिअरिंग कंपनीतून निवृत्त झालेले. कंपनीनं त्यांना सोडलं, पण त्यांनी इंजिनिअरिंग सोडलेलं नाही. त्यांचा पहिला सल्ला होता, "लुनाचं जुनं इंजिन बसव." पेडलच्या गाडीला इंजिन बसवलं की लुनाच होते आणि ती १९७२ सालीच झालेली आहे, हे त्यांना पटवण्यात एक अख्खा रविवार गेला.

मी मागवलेलं किट चोवीस व्होल्टचं. मोटारीच्या तोंडाला गिअर, त्यावर नऊ दात्यांचं इवलंसं स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चकती. सोबत मागच्या चाकासाठी चव्वेचाळीस दात्यांची ताटाएवढी चकती, दोन जाड रबरी चकत्या, अर्ध्या-अर्ध्या लोखंडी पट्ट्या आणि नऊ बोल्ट. एक रबर तारांच्या आतून, एक बाहेरून, मध्ये तारा, आणि नऊ बोल्टांनी सगळं आवळायचं, म्हणजे चकती थेट तारांनाच धरून बसते. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांनी ते सगळं हातात घेऊन पाहिलं, खाली ठेवलं आणि चाकाच्या तारा मोजायला लागले.

"साहेब, चाळीस आहेत."

"मग?"

"हे छत्तीसचं आहे."

इथे घोडं पेंड खातं. छत्तीस तारांच्या चाकात एका बाजूला अठरा तारा येतात, दोन तारांमागे एक फट, म्हणजे नऊ फटींना नऊ बोल्ट. आपल्या काळ्या सायकलींनी जुन्या इंग्रजी पद्धतीप्रमाणे पुढे बत्तीस आणि मागे चाळीस तारा ठेवल्या. एका बाजूला वीस. नऊ बोल्ट, दहा फटी. कुठूनही सुरुवात करा, तिसरा-चौथा बोल्ट थेट तारेच्या डोक्यावर जाऊन बसतो. मामा म्हणाले, "चार तारा काढून टाकू का?" बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी मामांकडे असं पाहिलं की मामा लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पंक्चर काढायला वळले.

तोवर काकांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला होता. मोटारीचे मिनिटाला साधारण तीनशे फेरे. पुढे नऊ, मागे चव्वेचाळीस, म्हणजे चाकाचे एकसष्ट. एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच्या जरा आत सरकणार. "ताशी आठ किलोमीटर," काका म्हणाले, "मी चालत पुढे जाईन." ते हे चालतच सांगत होते. चव्वेचाळीस दात्यांची ती चकती मुळात पेट्रोलच्या छोट्या इंजिनासाठीची. त्या इंजिनाला भिंगरीसारखं पळायची सवय असते, म्हणून त्याला मागे एवढा लगाम लागतो. आमच्या मोटारीचा वेग गिअरनं आधीच उतरवलेला. म्हणजे तारा जुळल्या असत्या तरी बाबा बावधनला पोचेपर्यंत बँक बंद झाली असती.

मग चाकच बदलायचं निघालं. सव्वीस इंची, छत्तीस तारांचं, डिस्क ब्रेकच्या हबचं. हे हब मला मनापासून आवडलं होतं, कारण त्यावर सहा बोल्टांची तयार जागा असते. ४४ मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा भोकं, डिस्कऐवजी तिथे स्प्रॉकेट ठोकायचं, तारांना हात लावायचा नाही. कागदावर यासारखं देखणं काही नाही. पण ते हब १३५ मिलिमीटर रुंद आणि आमच्या सायकलीच्या मागच्या चिमट्यात जागा साधारण ११०. शिवाय सव्वीसची रिंग त्रिज्येत दीड इंचानं लहान. रॉडच्या ब्रेकचे रबरी ठोकळे रिंगेला आतल्या बाजूनं, तारांच्या अंगानं दाबतात. लहान चाक लावलं की ब्रेक मनोभावे दाबायचा आणि ठोकळे हवेत.

काकांचा पुढचा मार्ग डावीकडून होता. "उजवीकडे पायाची चेन आहे ना? मग डावीकडे दुसरं फ्रीव्हील लावा. लेथवाल्याकडून हबला आटे पाडून घ्या. किती सोपं!" फ्रीव्हील म्हणजे पाय थांबले तरी चाक पळू देणारी दातेरी चकती. मामांनी टपरीतून एक जुनं फ्रीव्हील शोधून काढलं, हबच्या डाव्या अंगाला धरलं आणि बोटानं दाते पुढच्या दिशेनं फिरवले. टिक टिक टिक टिक. दाते फिरले, हब जागच्या जागी. डावीकडे लावलं की फ्रीव्हील उलटं होतं, जोर लागायचा तिथे मोकळं सुटतं. मामांनी ते पुन्हा एकदा फिरवलं, खास काकांसाठी. आणि कसंतरी धरलं, तरी साधे आटे त्या बाजूला प्रत्येक जोरासरशी सैल होत जाणार, तिथे उलटे आटेच हवेत. काका म्हणाले, "तेच मी म्हणत होतो."

शेवटी मामांनीच सुचवलं की डावीकडचा नाद सोडा आणि उजवीकडे दुहेरी फ्रीव्हील टाका. दोन चकत्या, दोन्ही अठरा दात्यांच्या. एकीवर पायाची चेन, दुसरीवर मोटारीची. आटे तेच, इंचाला चोवीस, त्यामुळे जुन्या हबवर बिनबोभाट चढतं. नऊला अठरा म्हणजे दीडशे फेरे, ताशी वीस किलोमीटर. काकांनी हिशेब तपासला आणि नाइलाजानं मान डोलावली.

पण दुहेरी फ्रीव्हील जाड. त्यानं उजवीकडे जागा खाल्ली, अॅक्सल लांब टाकावा लागला, वायसर भरावे लागले आणि चाक डावीकडे सरकलं. ते पुन्हा मध्यावर आणायला उजवीकडच्या वीस तारा आवळायच्या, डावीकडच्या सोडायच्या. मामा सायकल उलटी करून बसले. एका हातात तारेची किल्ली, दुसऱ्यात खडू. मनगट चिमट्याला टेकवून खडू रिंगेच्या कडेशी धरायचा आणि चाक हळूच फिरवायचं. जिथे रिंग बाहेर येते तिथे पांढरी रेघ उमटते. तिथली तार पाव फेरा आवळायची, रेघ अंगठ्यानं पुसायची, पुन्हा फिरवायचं. रेघा आखूड होत होत ठिपक्यांवर आल्या आणि मग खडू कोराच फिरला. एवढा वेळ काका एक शब्द बोलले नाहीत, हे नमूद करायला हवं.

चेनकव्हर मात्र गेलं. दुसरी चेन त्यात मावेना. मामांनी कापायला करवत काढली तेव्हा बाबा म्हणाले, "कापायचं नाही. जसंच्या तसं काढून द्या." आता ते आमच्या दिवाणाखाली आहे आणि केर काढताना झाडू अडकला की आई मोटारीचा उद्धार करते.

चक्कर मारून बाबा परत आले. गुडघ्यांबद्दल काही बोलले नाहीत, म्हणजे बरे असावेत. "जाते," म्हणाले, "पण थांबत नाही." किटबरोबर आलेल्या ब्रेकच्या मुठींना एक वायर असते, ब्रेक दाबला की मोटार आपोआप बंद होते. पण त्या मुठी केबलच्या ब्रेकसाठी, आमचा ब्रेक रॉडचा. त्यात लोखंडी रिंग ओली झाली की रॉडचा ब्रेक नुसती विनंती करतो, आणि जून तोंडावर आलेला.

"पुढं ड्रमचं हब टाकू," मामा म्हणाले, "केबलचं. छत्तीसमध्ये लगेच मिळतं." आणि पुढच्या चाकाशी उकिडवे बसून तारा मोजायला लागले.

"बत्तीस."

काकांनी खिशातून पेन काढलं.