गावात टॉवर आहे, मग फायबर कशाला? त्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं की भारतात डेटा जगात सगळ्यात स्वस्त, ५जी आलं, आता सॅटेलाइट इंटरनेटपण येतंय, मग फसलेल्या भारतनेटवर (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर केबलने इंटरनेट न्यायची सरकारी योजना) आपल्या टॅक्सचे लाखभर कोटी का घालायचे, गावातले लोक तसेही रील्सच बघतात. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डेटा स्वस्त आहे, मान्य. पण रोजच्या दीड-दोन जीबीत एका माणसाचं भागतं, घराचं नाही. घरात दोन शिकणारी पोरं, फोन एकच आणि तोही वडलांसोबत शेतात, मग लेक्चर कधी बघायचं आणि फॉर्म कधी भरायचा? प्रत्येकाला वेगळा फोन, वेगळा रिचार्ज करायचा तर दर महिन्याला किती जातात ते जोडून बघा, त्यात जुलै २०२४ मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवलेत. शहरात एका वायफायवर अख्खं घर चालतं. देशात ९० कोटींच्या वर ब्रॉडबँड कनेक्शनं आहेत म्हणून जे सांगतात ना, त्यातली तारेवरची ५ टक्क्यांच्या आसपासच, बाकी सगळे मोबाइल. आणि सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस वेग मिळाला की ते ब्रॉडबँड, २०२३ च्या आधी तर ५१२ केबीपीएसलाच म्हणायचे.

५जीचं म्हणाल तर टॉवर स्वतः नेट तयार करत नाही, त्याला नीट चालायला मागून फायबर लागते. ती नसली की फोनवर ५जीचं चिन्ह दिसूनही संध्याकाळी सगळं गाव ऑनलाइन आलं की चाक फिरत बसतं. म्हणजे टॉवर की फायबर हे भांडणच चुकीचं आहे.

टॅक्सचा पैसा? भारतनेटचा खर्च युनिव्हर्सल सर्व्हिस फंडातून होतो, ज्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलाच्या ५ टक्के त्यात येतात, आणि ते जिथे धंदा परवडत नाही तिथे सेवा न्यायलाच घेतलेले असतात. खेड्यातला माणूस रिचार्ज मारतो तेव्हा तोही त्यात भर घालतो. वर्षानुवर्षं यातले हजारो कोटी न वापरता पडून होते, खरं तर राग त्याचा यायला हवा.

आता भारतनेट फसलं हा मुद्दा, आणि यात दम आहे. २०११ ला मंजूर झालं, दोन वर्षांत सगळ्या ग्रामपंचायती जोडायच्या होत्या, आणि पहिल्या टप्प्यातल्या १ लाख व्हायलाच डिसेंबर २०१७ उजाडलं. पण का फसलं ते बघा की. केबल एका सरळ रेषेत टाकली, रस्ता रुंद करताना जेसीबीने एका जागी तोडली की पुढची सगळी गावं बंद. पंचायतीत नेटची पेटी बसवली, पण लाइट नाही, बॅटरी मेलेली, ऑफिसला कुलूप, आणि बिघडलं तर फोन कुणाला करायचा हे ग्रामसेवकालाही माहीत नाही. आणि मुख्य म्हणजे पंचायतीपासून घरापर्यंत कनेक्शन कोण देणार हे ठरलेलंच नव्हतं. टाकी बांधली पण घराघरात नळच नाही, असला प्रकार. ऑगस्ट २०२३ ला जी १,३९,५७९ कोटींची नवी योजना मंजूर झाली तिच्यात नेमकं हेच धरलंय: केबल रिंगमध्ये, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून चालू राहील, १० वर्षांच्या देखभालीची जबाबदारी, आणि दीड कोटी ग्रामीण घरांना कनेक्शन. ते नीट होतंय का यावर डोळा ठेवा, जाब विचारा, पण दुरुस्ती चालू असताना काम बंद करा म्हणणं मला पटत नाही.

सॅटेलाइटला माझा विरोध नाही. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीमसाठी राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅटेलाइट इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केलंय, चांगलंच आहे, दऱ्याडोंगरातल्या पाड्यावर तेच आधी पोचेल. पण एका उपग्रहाची क्षमता त्याच्या खालच्या सगळ्यांत वाटली जाते, शिवाय घराघरावर डिश बसवायचा खर्च. हजार-दोन हजार वस्तीच्या गावाला फायबरच परवडते.

आणि रील्स. शहरातले बघत नाहीत का? सरकारनेच रेशनचा अंगठा, पीक पाहणी, रोजगार हमीची हजेरी सगळं ऑनलाइन नेलं. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात बायकांना ओटीपीसाठी डोंगर चढावा लागला. त्या बायांना नेट कशाला हवं असं विचारायची हिंमत कशी होते?

हा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला तर पुढे पाठवायच्या आधी येत्या ग्रामसभेत एवढं विचारा: आपल्या पंचायतीतली भारतनेटची पेटी चालू आहे का, बंद असेल तर तक्रार कुठे करायची, आणि घरी कनेक्शन द्यायला गावात कुणाला नेमलंय.