पहिला क्रमांक कुणी दिला?

काही महिने गेले की तेच कार्ड पुन्हा फिरायला लागतं. 'जगातले सर्वात लोकप्रिय नेते', नरेंद्र मोदींचा फोटो, शेजारी सत्तरच्या वरची टक्केवारी. एक बाजू अभिनंदनाला लागते, दुसरी 'आकडे विकत घेतलेत' म्हणून मोकळी होते. दोघांनाही माझी कळकळीची विनंती आहे : त्यात प्रश्न काय होता आणि तो कुणाला विचारला होता, एवढं तरी बघा.

हे आकडे बहुतेक वेळा मॉर्निंग कन्सल्ट या अमेरिकी कंपनीचे असतात. ती प्रत्येक देशातल्या लोकांना त्यांच्या स्वतःच्या नेत्याबद्दल विचारते. म्हणजे मोदींना गुण दिले ते भारतीयांनीच, आणि जपानच्या पंतप्रधानांना जपानी लोकांनी. प्रत्येक वर्गाने आपापल्या वर्गशिक्षकाला दिलेले गुण एकाखाली एक मांडले, तर शाळेचा आवडता शिक्षक कोण हे त्यातून कळेल का? शिवाय हे सर्वेक्षण ऑनलाइन होतं आणि भारतातला नमुना फक्त साक्षर लोकांचा असतो. कंपनी हे लपवत नाही. आपणच ते वाचत नाही.

परदेशातल्या लोकांना थेट विचारलं तर? प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२३ मध्ये १२ देशांत विचारलं, की जागतिक घडामोडींत मोदी योग्य ते करतील असा विश्वास वाटतो का. मध्यक आकडे (सगळ्या देशांचे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) आले ३७ टक्के 'हो' आणि ४० टक्के 'नाही'. केनियात बहुसंख्यांचा विश्वास, मेक्सिको-ब्राझीलमध्ये अविश्वास जास्त. त्याच वर्षी त्याच संस्थेने भारतात विचारलं, तेव्हा दहापैकी जवळपास आठ जणांचं मत अनुकूल होतं. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. आणि मला सर्वात महत्त्वाचे वाटतात ते 'हो'ही न म्हणणारे आणि 'नाही'ही न म्हणणारे. दूरच्या देशातल्या नेत्याबद्दल अनेकांचं मतच नसतं आणि ते स्वाभाविक आहे. आपलं तरी ब्राझीलच्या अध्यक्षांबद्दल किती ठाम मत असतं?

घरचा आणि बाहेरचा कौल किती फाटू शकतो हे बघायचं तर सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह आठवा. पाश्चिमात्य जगाने डोक्यावर घेतलं, १९९० मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. १९९६ मध्ये रशियाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा मिळाली जेमतेम अर्धा टक्का मतं.

फॉलोअर्सच्या आकड्याचंही तेच. एक्सवर २०२४ मध्ये मोदींनी १० कोटींचा टप्पा ओलांडला. पण त्यातले परदेशी किती, विरोधक किती, बंद पडलेली खाती किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

माझा राग वृत्तवाहिन्यांवर आहे. मथळ्यातला 'जगात' हा शब्द काढून 'आपल्या देशात' लिहायला त्यांना काय हरकत आहे? २०१४ पासून सत्तेवर असलेल्या माणसाला घरात एवढी पसंती मिळणं ही साधी गोष्ट नाही. इतर बहुतेक लोकशाही देशांतले नेते त्या यादीत पन्नाशीच्या खाली असतात. तसं का होतं, यावर तासभर चर्चा करा ना. मी पूर्ण बघेन.