बाई सरपंच झाली म्हणून नळ आटला?

परवा रात्री दादाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. 'जागे व्हा! महिला आरक्षणाने गावं बुडवली' असा मथळा, खाली पाच मुद्दे आणि शेवटी 'पटलं तर दहा जणांना पाठवा'. एरवी असलं काही मी उघडूनही बघत नाही. पण आमच्या पुरंदरातल्या गावचं सरपंचपद यंदा सोडतीत महिलेला निघालंय आणि वहिनी अर्ज भरायचं म्हणत होती. सकाळी तिचाच फोन. "ताई, राहू दे. आपल्यापायी गावाचं नुकसान कशाला?"

पुण्यात एका संस्थेतर्फे मी अकरा वर्षं पंचायतीतल्या बायकांची प्रशिक्षणं घेतेय. तेव्हा आवाज चढलेला वाटला तर चढलेलाच आहे.

आधी दुसरा मुद्दा घेते, कारण वहिनीला लागला तो हाच. 'बाई सरपंच झाली की पाणी-रस्त्यांची कामं थांबतात, हे सर्वेक्षणात सिद्ध झालंय.' कुठलं सर्वेक्षण? कोणी केलं, कधी? मेसेजमध्ये ठणठणाट. मग मीच एक सांगते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ पंचायतींचा अभ्यास केला, तो २००४ साली छापून आला. या डुफ्लोबाई म्हणजे २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमधल्या. खुबी अशी, की कुठलं पद बाईला राखीव जाणार हे गावाची ऐपत बघून ठरलेलं नव्हतं. आपल्याकडे तहसीलला चिठ्ठी निघते, तसाच प्रकार. त्यामुळे 'ते गाव मुळातच पुढारलेलं असेल' ही पळवाट बंद.

निघालं काय? जिथे बाई प्रधान, म्हणजे पंचायतीची प्रमुख, तिथे पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली, दोन्ही राज्यांत. बंगालमध्ये रस्तेही सुधारले. राजस्थानात रस्त्यांवरचा भर कमी झाला, हे लपवत नाही. पण तिथे रस्ता मागत होते पुरुष, कामासाठी बाहेर जायचं म्हणून, आणि बायकांच्या तक्रारी होत्या पाण्याच्या. बाईने बायकांचं ऐकलं. याला कोणी 'विकास थांबला' म्हणत असेल तर त्याने एप्रिलात आमच्या गावी यावं आणि टँकर येईपर्यंत हंड्यांच्या रांगेत उभं राहावं. दादा, तूही ये. रांगेत आजवर तू कधी दिसला नाहीस म्हणून सांगते.

डुफ्लोंनीच पेटिया टोपालोव्हा यांच्याबरोबर केलेल्या दुसऱ्या पाहणीत तर याहून गमतीचं दिसलं. बाई प्रमुख असलेल्या गावांत पाण्याची सोय जास्त, दर्जा कुठेही उणा नाही, लाच द्यावी लागण्याचं प्रमाण कमी. आणि तरी लोकांना विचारलं तर ते कमी समाधानी! पाणी पितात आणि वर म्हणतात, बाईने काही केलं नाही. हा मेसेज लिहिणारा त्यांच्यातलाच कोणीतरी असणार.

आता मेसेजमधले बाकीचे मुद्दे. 'सह्या बाईच्या, कारभार नवऱ्याचा.' हे कबूल करायला जिवावर येतं, पण अर्धं खरं आहे. काही गावांत अर्ध्याहून जास्त. आमच्या प्रशिक्षणाला बाई हॉलमध्ये असते आणि नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून तासातासाला फोन करतो. पहिल्या सत्रात मी विचारते, "वित्त आयोगाचे पैसे ज्या डोंगलने निघतात, तो कोणाच्या खिशात आहे?" डोंगल म्हणजे सरपंचाची डिजिटल सही असलेली, पेनड्राइव्हसारखी वस्तू. हॉल गप्प. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२३ मध्ये केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने समिती नेमली, आणि समितीने कडक शिक्षा सुचवली ती या बिनपदाच्या कारभाऱ्यांना. खुर्ची बळकावतो तो, डोंगल ठेवतो तो, आणि मेसेज म्हणतो बाईचं आरक्षण काढा! शिवाय याच बायका वर्षभराने येतात तेव्हा त्यातली एखादी सांगते, "सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, वाचून दाखवा म्हटलं, तोवर सही नाही." ग्रामसेवक चिडला म्हणे. चिडू दे.

'जेंडर बजेट म्हणजे पुरुषांच्या करातले निम्मे पैसे बायकांना वाटायचे.' घरपट्टी काय फक्त पुरुष भरतात? केंद्राच्या अर्थसंकल्पात २००५-०६ पासून एक विवरणपत्र असतं. कुठली योजना पूर्णपणे बायकांसाठी, कुठल्या योजनेतला किती पैसा त्यांच्यासाठी, एवढा तो हिशेब. वेगळी थैली कुठेच नाही. ग्रामपंचायतीने उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, पण मार्चअखेर आला की घाईघाईने शिलाई यंत्रं घेऊन ते संपवतात. ओरडायचंच तर त्यावर ओरडा.

'पुण्यात बायकांना वेगळ्या बस, मग पुरुषांनी पायी जायचं का?' पीएमपीच्या तेजस्विनी बस ८ मार्च २०१८ ला सुरू झाल्या, म्हणून बाकीच्या बसमधून पुरुषांना कोणी उतरवलं नाही. संध्याकाळी सहाला स्वारगेटहून कात्रजकडे उभ्याने जाऊन बघ, मग बोलू.

राहिला 'हे सगळं परदेशी पैशाचं खूळ'. पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली १९९३ ला, महाराष्ट्राने निम्म्या जागा दिल्या २०११ ला. आणि बारामती तालुक्यातल्या निंबूतला अख्खी पंचायत बायकांची होती साठच्या दशकात. परदेशी पैसा त्या वेळी निंबूतला कुठून यायचा?

वहिनीला हे सगळं फोनवर सांगितलं. डुफ्लोबाईंबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही. म्हणाली, "शौचालयाचा दाखला ग्रामसेवकाकडूनच घ्यायचा ना? आणि तो डोंगल म्हणतेस, तो दिसतो कसा?"