पणजीत बोटीत बसायच्या आधी (पोस्ट लांब झालीय, चहा घेऊन बसा)

परवा शेजारच्या काकूंनी गेटवर गाठून विचारलं, तुमी डिसेंबरात पणजीला बोटीत बसलेला न्हवं, कुठली बोट बरी सांग बाबा, आमी नातवंडांना घेऊन चाललोय. मी सांगत बसलो ते अर्धा तास, तिकडं काकूंचं दूध उतू गेलं. घरात आधीच माझ्यावर बडबड्या म्हणून शिक्का आहे, त्यात हे. म्हणून जे काय आहे ते इथं एकदाच लिहून टाकतो, बेळगाव-खानापूरच्या लोकांना उपयोगी पडेल.

तर आमी सहा माणसं. मी, मिसेस, दोन पोरं, अक्काची मुलगी आणि आई. किणये, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातनं गेलो. रस्त्याबद्दल काय बोलत नाही, ज्यांची कंबर गेलीय त्यांना माहीत आहे. आईचं माहेर जांबोटीच्या पलीकडचं, त्यामुळं किणये सोडलं की तिचं सुरू, इथं मामाची म्हस हरवलेली, इथं अस्वल आडवं आलेलं. कणकुंबीला माउली देवीच्या पाया पडायला थांबलो. तिथं मलप्रभेचा उगम आहे, ती चालली पूर्वेला, पुढं कूडलसंगमला कृष्णेत, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलात म्हादई जन्मते ती निघाली पश्चिमेला. दोघी एका गावच्या पोरी असल्यागत, दिल्या मात्र दोन दिशांना. पोरांना हे सांगितलं तर पोरं मोबाईलात.

संध्याकाळी नदीकाठी फिरायला गेलो तर पाच मिनिटांत तीन एजंट. एकाची सनसेट क्रूझ, एकाची डिनर क्रूझ, एक कॅसिनोवाला (तो आईला बघून गप्प झाला). मी काय केलं, जी बोट सगळ्यात मोठी आणि जिच्यावर लायटिंग जास्त ती घेतली. माणशी पाचशे, म्हणजे एका तासाचे तीन हजार. बोटीचं नाव विचारू नका, सांगणार नाही, आणि चूक बोटीपेक्षा माझीच जास्त, मी काही विचारलंच नाही.

तिकिटावर सनसेट लिहिलेलं, वेळ सहाची. आता डिसेंबरात पणजीत सूर्य सहा वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो. माणसं भरेपर्यंत सव्वासहा झाले तरी बोट दोरीलाच. सनसेट आमी बघितला तो बांधलेल्या बोटीतनं, पुढच्या माणसाच्या टोपीच्या कडेनं. हीच सहाची बोट मे महिन्यात धरली तर गोष्ट वेगळी, तेव्हा सात वाजायला येतात सूर्य जायला, जवळजवळ पूर्ण तास उजेड. पाटी वर्षभर एकच, सूर्य काय पाटी वाचून मावळत नाही. आई म्हणाली काशीला बरं होतं, नाववाल्यानं आपणहून पहाटे चारला उठवलं होतं. बरोबरच आहे, तिथले घाट सगळे पूर्वेकडं तोंड करून आहेत, पहिलं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं, संध्याकाळी नदीतनं तो रंग मिळत नाही. म्हणजे नदी कुठली, काठ कुठल्या दिशेला, महिना कुठला, हे बघून वेळ ठरवायची असते आणि आमी ठरवली ती पोरांच्या आइस्क्रीमनंतरची.

वरच्या डेकवर स्टेज आणि खुर्च्या सगळ्या स्टेजकडं तोंड करून. शंभर-दीडशे माणसं नदी बघायला आलेली, नदीकडं पाठ करून बसवलेली. आधी देखणी हा गोव्याचा नाच, मग फुगडी, मग एक पोर्तुगीज पद्धतीचा नाच, हे तिन्ही छान झालं, खोटं कशाला बोलू. वीस मिनिटांत ते संपलं आणि डीजे सुरू. पहिलं लहान मुलं या, मग कपल या, मग फक्त जेंट्स या. जेंट्समध्ये चार जण आपल्या भागातले, बोलण्यावरनं न्हवे, नाचावरनंच ओळखले, आपल्या विसर्जनाचा नाच तो, लपत नाही. माझी पोरं नाचली, भाची नाचली, त्यांचे पैसे वसूल, मान्य.

आई मात्र उठून कठड्याला जाऊन उभी राहिली. मी मागं गेलो. विचारते, ही नदी कुठली रे? म्हटलं मांडवी. काय? मांडवी! म्हणजे कुठली? म्हणजे आपली म्हादई गं, इथं मांडवी म्हणतात. डीजेपुढं तिला ऐकू जाईना, मी तिच्या कानापाशी ‘म्हादई, आपली म्हादई’ म्हणून ओरडतोय, बाजूचे दोघं वळून बघाय लागले, आणि माझ्या एकदम डोक्यात आलं की बाहेर केए २२ ची, म्हणजे बेळगाव नंबरची गाडी लावून आपण पणजीच्या मधोमध उभं राहून म्हादई आपली म्हणून बोंब मारतोय. २०१८ ला म्हादईच्या पाण्याच्या भांडणात लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्यावरनं दोन्हीकडची डोकी किती तापलेली आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. मी गप झालो. हसू नका.

आणि बाहेर बघायला काय कमी होतं का? डाव्या हाताला आदिलशहाचा वाडा, जिथं नंतर कित्येक वर्षं सचिवालय होतं. उजव्या हाताला पुढं रेइश मागूशचा किल्ला, १५५१ चा. मागं पूल एकमेकांना चिकटून, त्यातला उंच तारांचा तो अटल सेतू, ५.१ किलोमीटर, २०१९ ला उघडला. जुना पूल १९८६ ला कोसळला तेव्हा पप्पा म्हापशाला भाजीचा टेम्पो घेऊन जायचे, पणजीत तास-तास रांगेत थांबून टेम्पो फेरीबोटीत घालून पलीकडं बेतीला उतरायचे, कोथिंबीर तिथंच मान टाकायची. आपल्या बेळगावच्या भाजीवर गोवा जेवतो म्हणून आपण छाती काढतो, त्या भाजीनं ह्या नदीत किती वाट बघितलीय! ह्यातलं एक अक्षर बोटीत कुणी सांगितलं नाही. माईक होता, सांगणारा होता, पण तो ‘आवाज नाही आला’ एवढंच सांगत होता.

म्हणून माझं मत असं की बोट घेताना ती केवढी, किती मजली, स्टार्टर काय देणार हे विचारूच नका. विचारायचं ते म्हणजे बोट वळते कुठं, खुर्च्या कुणीकडं तोंड करून, डीजे सगळ्या डेकवर आहे का खाली कुठं शांत बसता येतं, आणि वेळ सुटायची सांगता का चढायची. ह्यावर एजंट गडबडला तर पुढं चला. बऱ्याच बोटी खाडीच्या तोंडाच्या अलीकडंच वळतात, पुढं लाटा लागतात, ज्येष्ठ माणसं असली तर ते बरंच. डिनर क्रूझ तर मला कळतच नाही, बाहेर अंधार, हातात ताट, नजर बुफेच्या रांगेवर, मग जेवण जमिनीवर काय वाईट आहे? तेवढ्या पैशात काठावर बसून मासे खावा आणि कॅसिनोच्या जहाजांची लायटिंग फुकट बघा.

नदीच बघायची असेल तर समुद्राकडं न जाता वरच्या अंगाला जावा, सकाळी. चोडण बेटावर सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, तिथं खारफुटीतनं छोटी होडी नेते, भरती-ओहोटी बघूनच. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, पोरं त्याला नाचापेक्षा जास्त खूष होतील.

आणि काहीच नको, तर फेरी. माझा मित्र कोलकात्याला होता, तो म्हणायचा पाहुणे आले की मी त्यांना हावड्याहून बाबूघाटला रोजच्या लाँचनं न्यायचो, थोडक्या रुपयांत हुगळी आणि हावडा ब्रिज दोन्ही. भाचा लंडनला आहे, तो सांगतो थेम्सवर पण तसंच, वेस्टमिन्स्टरवरनं ग्रीनिचला रोजची रिव्हर बस जाते, टॉवर ब्रिजच्या खालनंच. माहिती सांगणारा नसतो एवढंच, पण आमच्या बोटीत पण कुठं होता?

दुसऱ्या दिवशी आमी ओल्ड गोव्याला चर्च बघून व्हाइसरॉयच्या कमानीखालनं खाली गेलो, समोरच दिवाडी बेटाची फेरी. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. दोन स्कूटर, शाळेची पोरं, एक पावाची सायकल आणि आमी. पाच-सात मिनिटांचा प्रवास, इंजिनची घरघर सोडली तर आवाज नाही. आई लोखंडी कठडा धरून उभी. फेरीवरच्या माणसाला विचारते, हे पाणी आमच्या जांबोटीकडचंच न्हवं? तो कोकणीत बोलत होता, पण कळलं सगळं. म्हणाला, आता नाही, आता भरती आहे, हे समुद्राचं पाणी वर चाललंय, तुमचं यायला ओहोटी लागायला पाहिजे.

किती वाजता, आईनं विचारलं.

म्हणजे झालं. बागा बीच राहिला, शॉपिंग राहिली, मिसेस माझ्याकडं बघते, मी आभाळाकडं. दिवाडीत झाडाखाली बसलो, पाव-भाजी खाल्ली, पोरांनी आधी कुरकुर केली मग खेकडे शोधत बसली. दुपारी परत फेरीत चढलो, तोच माणूस होता, त्यानं आईला लांबनंच हात करून पाण्याकडं दाखवलं. पाणी फिरलं होतं, एक नारळाची सालटी समुद्राच्या दिशेनं चाललेली. आईनं पिशवीतनं बेळगावचा कुंद्याचा डबा काढला, चिमूटभर आधी नदीत टाकला, मग आमाला दिला आणि त्या माणसाला पण.

काकू, तुमी हे वाचत असाल तर भरती-ओहोटीची वेळ मोबाईलवर दिसते, नातवाला काढून द्यायला सांगा. आणि कुंदा घेऊन जावा.